'न्यायालयाच्या आदेशाने बंद': कोणतं न्यायालय, कोणता खटला, दाद कुठे मागायची?

नांदी

मंडळी, एक प्रश्न आहे आणि त्यामागे बराच संतापही आहे.

आमचा जुन्या नाट्यसंगीताचा छोटा गट आहे. मुदत संपलेल्या ध्वनिमुद्रिका आम्ही साफ करून साइटवर ठेवतो. कोणी गायलं, साथीला कोण होतं, तबकडी कोणत्या वर्षीची, अशा नोंदी सोबत असतात. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर ६० वर्षं संरक्षण आहे. वाद नको म्हणून आम्ही १९५० नंतरचं काही घेतच नाही.

तर ही साइट अचानक एका कंपनीच्या इंटरनेटवर उघडेनाशी झाली. पाटी येते: 'सक्षम न्यायालयाच्या आदेशानुसार हे संकेतस्थळ बंद करण्यात आले आहे.' न्यायालयाचं नाव नाही, खटल्याचा क्रमांक नाही, तारीख नाही. दुसऱ्या कंपनीच्या इंटरनेटवर व्यवस्थित चालू. होस्टिंगवाल्याने सांगितलं, की त्याच सर्व्हरवर चोरीचे सिनेमे दाखवणारी एक साइट होती, ती काढलीय. इंटरनेट कंपनीचं ग्राहक सेवा केंद्र म्हणतं, 'वरून आलंय, आमच्या हातात नाही.'

प्रश्न असा, की हा आदेश कोणाचा हे शोधायचं कसं आणि दाद कोणाकडे मागायची? चोरी थांबलीच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण आम्हाला नोटीस नाही, आमचं म्हणणं कोणी ऐकलं नाही, आणि शिक्षा मात्र चालू आहे. हे मला मान्य नाही.

निशिगंध

फारच वाईट. वाचतेय.

साउंडवाला

नांदी, तुमच्याबाबतीत झालं ते चूकच. पण दुसरी बाजूही या धाग्यावर यायला हवी म्हणून लिहितो. मी मराठी सिनेमांचं ध्वनिसंयोजन करतो.

सिनेमा थिएटरला जातो तो कुलूपबंद. प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळी केडीएम, म्हणजे किल्ली. ती अमुक वेळेला सुरू होते, तमुक वेळेला संपते. किल्ली आली नाही म्हणून सकाळचा खेळ रद्द झालेला मी पाहिलाय. एवढं सगळं करून शुक्रवारी रात्री टेलिग्रामवर फाइल फिरायला लागते. मराठी सिनेमाला मुळात पहिला आठवडाच मिळतो. सोमवारी खेळ कमी होतात आणि पुढच्या शुक्रवारी दुसरा सिनेमा येतो. त्या तीन दिवसांत जे गेलं ते परत येत नाही. निर्मात्याचे पैसे अडकले की आमच्यासारख्यांचा शेवटचा हप्ता बुडतो. तो कुठल्याच आकडेवारीत येत नाही.

अशा वेळी न्यायालयात जाऊन आधी प्रत्येक साइटवाल्याला नोटीस द्या, त्याची वाट बघा, असं करायला वेळ असतो का? आणि नोटीस द्यायची कुठे? त्या साइटवाल्यांना ना नाव असतं ना पत्ता.

कलम५२

मी वकिली करते, बौद्धिक संपदेतच. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून थोडा इतिहास.

नाव-गाव माहीत नसलेल्या प्रतिवादीविरुद्ध आदेश घ्यायची पद्धत आपल्याकडे २००२च्या फुटबॉल विश्वचषकापासून रुळली. तेव्हा तक्रार विनापरवाना प्रक्षेपण करणाऱ्या केबलवाल्यांविरुद्ध होती आणि दिल्ली उच्च न्यायालयाने तसा आदेश दिला. परदेशात 'जॉन डो', आपल्याकडे 'अशोक कुमार' आदेश. केबलवाल्याच्या दारात न्यायालयाने नेमलेला कमिशनर जाऊन उभा राहायचा, त्यामुळे प्रतिवादी अनोळखी असला तरी तो कुठे बसलाय हे दिसायचं. हेच हत्यार इंटरनेटवर आणलं आणि तिथे गडबड सुरू झाली.

२०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या अशाच आदेशाचा आधार घेऊन इंटरनेट कंपन्यांनी व्हिमिओ, डेलीमोशन, पेस्टबिन अशा अख्ख्या साइट बंद केल्या. ठरावीक पत्ते बंद करा, संपूर्ण साइट नको, असा खुलासा न्यायालयाला जूनमध्ये करावा लागला. २०१४च्या फुटबॉल विश्वचषकात दिल्लीत ४७२ साइटची यादी गेली, त्यात गूगल डॉक्स होतं! पुढे ती यादी २१९ वर आली. म्हणजे निम्म्याहून जास्त नावं गळाली. २०१७ मध्ये दोन हिंदी सिनेमांसाठी मद्रासहून अडीच हजारांहून अधिक साइटचे आदेश निघाले आणि त्यात इंटरनेट अर्काइव्ह अडकलं. जुनी वेबपानं जपून ठेवणारी जगातली सर्वांत मोठी साइट भारतात बंद झाली.

साउंडवाला, नोटीस देण्यात वेळ जातो हे खरं. पण या तिन्ही वेळा नोटिशीपेक्षा यादी न तपासण्याचा प्रश्न मोठा होता. यादी वादी तयार करतो. न्यायाधीशांसमोर शेकडो पत्त्यांचं परिशिष्ट येतं, आणि समोर विरोध करायला कोणी नसतं.

सह्यभटक

४७२ वरून २१९! बाकीच्यांची भरपाई कोणी केली?

कलम५२

कोणीच नाही. अंतरिम आदेश मागताना वादीकडून भरपाईची हमी घेण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. अशा प्रकरणांत तो वापरलेला मला फारसा दिसला नाही.

जाळेकरी

तांत्रिक बाजू मी सांगतो, कारण नांदींच्या साइटचं नेमकं काय झालं असेल ते त्यावरून कळेल.

साइट बंद करायच्या प्रमुख तऱ्हा तीन. पहिली डीएनएस. साइटचं नाव विचारलं की कंपनीचा सर्व्हर खोटा पत्ता देतो. यात त्या नावाचीच साइट बंद होते, शेजाऱ्याला त्रास नाही. दुसरी आयपी. त्या अंकी पत्त्याकडे जाणारी सगळी वाहतूक अडवायची. स्वस्त होस्टिंगवर एका आयपीवर शेकडो साइट नांदत असतात, त्या सगळ्या मरतात. तिसरी एसएनआय. सुरक्षित जोडणी सुरू होताना साइटचं नाव क्षणभर उघडं असतं, ते वाचून जोडणी तोडायची.

गंमत म्हणजे आदेशात यांपैकी काय वापरायचं ते बहुधा लिहिलेलंच नसतं. प्रत्येक कंपनी आपल्याला सोपं पडेल ते करते. म्हणून एकीकडे बंद, दुसरीकडे चालू. नांदी, तुमची पाटी येते म्हणजे डीएनएसही असू शकतं. घरच्या राउटरवर दुसरा डीएनएस टाकून पाहा. तरीही उघडली नाही तर आयपीवर संशय घ्या. होस्टिंगवाल्याला नवा आयपी मागा, एका दिवसात निकाल लागेल.

हा प्रकार फक्त आपल्याकडे नाही. इटलीने २०२४ मध्ये फुटबॉलसाठी 'पायरसी शील्ड' आणली. तक्रार आली की ३० मिनिटांत बंद. ऑक्टोबरमध्ये तिने गूगल ड्राइव्हच बंद पाडलं. स्पेनमध्ये २०२५ पासून सामन्याच्या दिवशी क्लाउडफ्लेअरचे, म्हणजे असंख्य साइट ज्या कंपनीमार्फत चालतात तिचे, आयपी अडवतात आणि त्यांवरच्या निरपराध दुकानदारांच्या साइट सामना संपेपर्यंत ठप्प होतात.

वाटसरू

आणि ज्यांना चोरून पाहायचंय ते व्हीपीएन लावून पाहतातच. बंद होतात ते साधे लोक.

साउंडवाला

हे वाक्य मी दर वेळी ऐकतो. व्हीपीएन लावणारे थोडे असतात, पाटी बघून मागे फिरणारे पुष्कळ असतात. पहिल्या तीन दिवसांत निम्मे जरी मागे फिरले तरी माझ्या निर्मात्याला ते हवे आहेत.

खिडकी_नं_३

मी एकपडदा थिएटरात आहे. नावावरून कळलंच असेल.

२०२३च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीने थिएटरात रेकॉर्डिंग करणं स्वतंत्र गुन्हा झालाय. कमीत कमी तीन महिने कैद आणि तीन लाख दंड, जास्तीत जास्त तीन वर्षं आणि निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड. आता आमची पंचाईत समजून घ्या. गाणं लागलं की पोरं मोबाइल काढतात, शिट्ट्या मारत पंधरा सेकंदांचं स्टेटस टाकतात. तोही कागदावर गुन्हाच. आम्ही टॉर्च मारतो, 'बंद कर बाळा' म्हणतो. पोलिसांत दिलं तर एकोणीस वर्षांच्या पोराचं वाटोळं होईल, आणि खरा धंदेवाला मागच्या रांगेत कोपऱ्यात खिशाला भोक पाडून निवांत बसलेला असेल.

तो सापडतो कसा ते सांगतो. पडद्यावरच्या चित्रात डोळ्यांना न दिसणारी खूण असते. बाहेर आलेल्या फाइलवरून कोणतं थिएटर, कोणता दिवस, कोणता खेळ हे निघतं. आमच्याकडे एकदा विचारणा आली तेव्हा खेळासकट आली होती. आम्ही सीसीटीव्ही काढून दिला. त्यात हजारो साइट बंद कराव्या लागल्या नाहीत.

बाराखडी

@खिडकी_नं_३, उत्तम माहिती. आणि थिएटरच्या आधीच फुटतं त्याचं काय? २०१६ मध्ये एक गाजलेला हिंदी सिनेमा प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी बाहेर आला, त्यावर 'सेन्सॉरसाठी' अशी पट्टी होती. २०१७ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'चा भाग फुटला तेव्हा चौघांना अटक झाली, तीही ज्या कंपनीकडे ते साहित्य कामासाठी होतं तिच्याशी संबंधित माणसांना. घरभेदी आत आणि कुलूप शेजाऱ्याच्या दाराला.

निशिगंध

एक साधा प्रश्न. नुसतं पाहणं गुन्हा आहे का? मागे अशी पाटी यायची की पाहिलंत तरी तीन वर्षं.

कलम५२

नाही. ती पाटी २०१६ची. त्यावरून गदारोळ झाला तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेलांनी स्पष्ट केलं, की नुसतं पाहणं हा गुन्हा नाही. विनापरवाना वितरण, जाहीर प्रदर्शन, विक्री, भाड्याने देणं हा गुन्हा आहे.

त्याच सुमारास त्यांच्यासमोर एका हिंदी सिनेमाचं प्रकरण आलं होतं. सरसकट अख्ख्या साइट बंद करायला त्यांनी नकार दिला. प्रत्येक दुवा तपासा, तपासल्याचं शपथेवर सांगा, मग बघू. मला आजही तीच पद्धत योग्य वाटते. नांदी, तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे त्या २०१६च्या पाटीवर एक ईमेल पत्ता होता आणि ४८ तासांत संबंधित खटल्याचा तपशील कळवू असं लिहिलेलं होतं. म्हणजे हे करता येतं. नऊ-दहा वर्षांपूर्वी केलंय. आजच्या पाट्यांवरून ते गायब का झालं, हे विचारलं पाहिजे.

सह्यभटक

साइटचं ठीक आहे, माणसांचं बोलूया.

वर्तमानपत्रात 'एमपीडीएखाली स्थानबद्ध' अशी बातमी आपण सगळेच वाचतो. तो महाराष्ट्राचा १९८१चा कायदा. मुळात झोपडपट्टी गुंड, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थवाले यांच्यासाठी. १९९६ मध्ये त्यात धोकादायक व्यक्ती आल्या. २००९ मध्ये त्यात 'व्हिडिओ पायरेट' घातले. तमिळनाडूने गुंडा कायद्यात हे २००४ मध्येच केलं होतं. पुढे आपल्याकडे वाळूतस्करही आले.

याचा अर्थ असा, की सीडी विकणाऱ्या माणसाला खटला न चालवता १२ महिन्यांपर्यंत आत ठेवता येतं. 'पुढे गुन्हा करील' एवढ्या अंदाजावर. सल्लागार मंडळासमोर वकील उभा करण्याचा हक्कसुद्धा नाही, घटनेच्या २२व्या कलमातच तशी तरतूद आहे. कॉपीराइट हा माझ्या मते शेवटी आर्थिक हक्क आहे. त्याच्या उल्लंघनासाठी प्रतिबंधात्मक स्थानबद्धता? चोराला चोरीची शिक्षा द्या, पुरावा आणा, खटला चालवा. विना खटला वर्षभर कोठडी हे माझ्या डोक्यात बसत नाही.

साउंडवाला

सह्यभटक, तेव्हाची परिस्थिती आठवा. सिनेमा लागला त्याच संध्याकाळी स्टेशनबाहेर चादर पसरून सीडी. पोलीस उचलायचे, दुसऱ्या दिवशी जामीन, तिसऱ्या दिवशी तोच माणूस तीच चादर. त्यांच्यामागे मोठ्या टोळ्या होत्या. उद्योगाने मागणी केली ती त्या हतबलतेतून.

सह्यभटक

हतबलता समजते. पण स्थानबद्ध चादरवाला झाला असता की टोळीवाला? चादरवालाच हाती लागतो. आणि सीडी संपल्या, चादरी गेल्या, कायद्यातला तो शब्द मात्र अजून तिथेच आहे. उद्या एखाद्या टेलिग्राम चॅनेल चालवणाऱ्या कॉलेजच्या मुलाला लावला तर?

कलम५२

यात आणखी एक भर. कॉपीराइट कायद्याच्या ६३व्या कलमात सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलं. म्हणजे वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. ही ताकद हातात असताना वेगळ्या स्थानबद्धतेची गरज काय, याचं समाधानकारक उत्तर मला मिळालेलं नाही.

अबोली

मी हार्मोनियम शिकवते. उद्योगाचं नुकसान आणि कलाकाराचं नुकसान, या दोन गोष्टी कृपया एक धरू नका.

मागच्या वर्षी माझ्या विद्यार्थिनींनी 'सौभद्र'मधली पदं वाजवली. नाटक १८८२चं, अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले. यात कोणाचा हक्क उरलाय? तरी यूट्यूबवर चढवल्यावर काही तासांत एका संगीत कंपनीचा दावा आला. त्यांच्याकडे त्याच पदाचं कोणा गायकाचं रेकॉर्डिंग आहे आणि यंत्राला चाल सारखी वाटली. आम्ही हरकत घेतली. ती हरकत पाहणार कोण, तर दावा करणारी कंपनीच! त्यांनी दावा कायम ठेवला. पुढची पायरी घ्यायची तर स्ट्राइकचा, म्हणजे चॅनेलवर नियमभंगाची नोंद होण्याचा धोका, आणि तीन स्ट्राइक झाले की चॅनेल जातं. मुलींचे सगळे व्हिडिओ जातील या भीतीने पालक म्हणाले, राहू दे. जाहिरातींचे पैसे त्या कंपनीला जातात. चार आणेच असतील, पण ते कोणाच्या कष्टाचे?

आणि कलाकाराच्या हक्काचं म्हणाल तर २०१२ पर्यंत गीतकार-संगीतकार एकदा सही करून मोकळे व्हायचे, पुढचं सगळं कंपनीचं. कॉपीराइट कायद्याच्या त्या वर्षीच्या दुरुस्तीने त्यांचा रॉयल्टीचा वाटा सही करूनही देऊन टाकता येणार नाही असं झालं. राज्यसभेत जावेद अख्तर त्यासाठी झगडले. त्याला विरोध करणाऱ्यांत चोरीच्या साइट नव्हत्या, हे लक्षात असू द्या.

साउंडवाला

अबोलीताई, शंभर टक्के सहमत. माझे बुडालेले पैसे मोजले तर चोरांनी बुडवलेले आणि निर्मात्यांनी बुडवलेले यांत दुसरा आकडा मोठा निघेल.

प्रभातफेरी

मी अंध आहे, हा धागा स्क्रीन रीडरवर ऐकतोय. एक बाजू राहिली ती मांडतो.

चोरी रोखायला डिजिटल कुलूप लावतात. ते कुलूप मला आणि चोराला सारखंच वागवतं. विकत घेतलेलं पुस्तक माझा स्क्रीन रीडर उघडू शकत नाही, कारण अक्षरं त्याच्यापासूनही लपवलेली असतात. आपला कॉपीराइट कायदा मात्र चांगला आहे. २०१२च्या दुरुस्तीत अपंगांसाठी सुलभ प्रत करण्याची सूट आली. अंधांना सुलभ पुस्तकं मिळावीत यासाठीचा मराकेश करार मंजूर करणारा भारत पहिला देश, २०१४ मध्ये. कुलूप तोडणं गुन्हा ठरवणारं ६५अ कलमही, कायद्याने ज्याला मनाई नाही अशा कामासाठी तोडलं तर अपवाद करतं. कागदावर मला सगळं मिळालंय. पण कुलूप तोडायची साधनं जिथे मिळतात त्या साइट 'पायरसी' म्हणून बंद होतात. हक्क आहे, हत्यार नाही.

निशिगंध

प्रभातफेरी, हे आजवर कधी मनातही आलं नव्हतं. धन्यवाद.

वाटसरू

थोडं अवांतर. पन्नास-साठच्या दशकातले कितीतरी मराठी सिनेमे अधिकृतपणे कुठेच नाहीत. ना थिएटरात, ना ओटीटीवर, ना डीव्हीडी. असतात ते कोणीतरी दूरदर्शनवरून टेप करून चढवलेले. पैसे द्यायला तयार आहे, घेणारा नाही. असं असताना पाहिलं तर त्याला चोरी म्हणायचं?

खिडकी_नं_३

जुन्याचं मान्य. पण हेच कारण कालच्या शुक्रवारच्या सिनेमाला देणारे मी रोज बघतो. 'आमच्या गावात लागलाच नाही.' खरंय, लागत नाही, थिएटरंच बंद पडलीत. पण मग उरलेली कशी जगायची?

जाळेकरी

माझी मोठी काळजी पुढच्या पायरीची आहे. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'डायनॅमिक' आदेशाची वाट मोकळी केली. एकदा साइट चोरटी ठरली, की तिच्या नव्या नावांसाठी पुन्हा खटला नको, न्यायालयाच्या प्रबंधकांकडे अर्ज पुरे. २०२३ मध्ये 'डायनॅमिक प्लस' आला. आता अजून तयारही न झालेल्या सिनेमांना आधीच संरक्षण. आणि २०२३च्याच सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीखाली माहिती व प्रसारण मंत्रालयाने नोव्हेंबरमध्ये नोडल अधिकारी, म्हणजे अशा तक्रारी घेणारे अधिकारी नेमले. त्यांनी सांगितलं की ४८ तासांत दुवा काढायचा. इथे तर न्यायाधीशही नाही.

प्रत्येक पायरी वेगळी पाहिली तर वाजवी वाटते. चोर नाव बदलतो, म्हणून डायनॅमिक. चोर वेगवान, म्हणून ४८ तास. पण ही सगळी यंत्रणा एकदा बसली, की तिच्यातून सिनेमाच्या फाइलीच जातील आणि एखाद्याची नको असलेली टीका जाणार नाही, याची खात्री कोण देणार? सिनेमाची खरपूस समीक्षा दोन मिनिटांच्या दृश्यांसकट केली, तर कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमाखाली ती रास्त आहे. पण काढून टाकायला 'पायरसी' हा शब्द पुरतो.

बाराखडी

सरकारी पत्रकात चोरीमुळे वर्षाला २०,००० कोटींचं नुकसान असं होतं. फुकट पाहणारा प्रत्येक जण तिकीट काढणार होता असं धरलं तरच असले आकडे जमतात. या आकड्यावर कायदे होतात, म्हणून त्याचा हिशेबही मांडला जायला हवा.

कलम५२

जाळेकरी, एक फरक नोंदवते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमाखाली सरकार साइट बंद करतं तेव्हा कारणं ठरलेली आहेत: देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे. कॉपीराइट त्यात नाही. म्हणून इतकी वर्षं उद्योगाला न्यायालयात यावं लागायचं आणि ते बरं होतं. कितीही घाईत असला, तरी न्यायालयीन आदेश वाचता येतो आणि त्याविरुद्ध अर्ज करता येतो. २०१५ मध्ये श्रेया सिंघल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थांबद्दल, म्हणजे इतरांचा मजकूर ठेवणाऱ्या कंपन्यांबद्दल, हेच सांगितलं, की खाजगी तक्रार पुरेशी नाही, न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश हवा. कॉपीराइट कायद्यातसुद्धा लेखी तक्रारीवर २१ दिवस दुवा थांबवायचा, तोवर तक्रारदाराने आदेश आणला नाही तर तो पुन्हा सुरू करता येतो. ही २१ दिवसांची तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. घाईतल्या माणसाला लगेच दिलासा मिळतो आणि आदेश आणण्याची जबाबदारीही त्याच्यावरच राहते.

आता नांदींच्या मूळ प्रश्नाकडे.

एक, होस्टिंगवाल्याकडून त्या चोरट्या साइटचं नाव लेखी घ्या. अशा दाव्यांतले आदेश दिल्ली उच्च न्यायालयाच्या साइटवर मिळतात. मोठ्या वाद्यांची नावं मोजकी आहेत, गेल्या काही महिन्यांचे त्यांचे आदेश काढून परिशिष्टात ते नाव शोधा. दोन, इंटरनेट कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला लेखी विचारा: कोणत्या आदेशाखाली, कोणत्या तारखेच्या सूचनेने. सोबत दूरसंचार विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज टाका. तीन, खटला सापडला की वादीच्या वकिलांना पत्र. निरपराध साइट सोडायला बहुतेक जण लगेच 'हरकत नाही' देतात, कारण त्यांनाही न्यायालयात शोभा नको असते. चार, नाहीच ऐकलं तर त्याच दाव्यात अर्ज. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३९ नियम ४ मनाई हुकूम बदलण्यासाठीच आहे. दिल्लीच्या अलीकडच्या काही आदेशांत तर चुकून बंद झालेल्या साइटने हमीपत्र देऊन न्यायालयात यावं अशी सोयच लिहिलेली असते.

आणि एक सावधगिरी. तबकडीची ६० वर्षं संपली तरी चालीचा हक्क वेगळा असतो. तो संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये गेले, तिथे अडचण नाही. मास्तर कृष्णराव १९७४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चालींना २०३४ संपेपर्यंत संरक्षण आहे. हमीपत्र देण्याआधी यादी पुन्हा बघा.

नांदी

कलम५२, इतकं सविस्तर कोणी सांगेल अशी अपेक्षा नव्हती. मनापासून आभार. चालींची चाळणी आम्ही पहिल्यापासून लावली आहे, म्हणूनच मास्तरांची एकही चाल साइटवर नाही. जाळेकरींनी सांगितलेली तपासणी केली. दुसऱ्या डीएनएसवरही उघडत नाही. नवा आयपी मागितलाय.

पण आयपी बदलून साइट सुरू झाली तरी मी पत्र पाठवणार आहे. त्या सर्व्हरवर आमच्यासोबत आणखी कोण होतं कोणास ठाऊक. त्यांना तर असा धागा काढायचंही सुचलं नसेल.

सह्यभटक

पत्राचा मसुदा इथे टाका. आम्हीही आपापल्या नावाने दूरसंचार विभागाला पाठवू. मागणी एकच ठेवा: पाटीवर न्यायालय, खटला क्रमांक, तारीख आणि तक्रारीचा पत्ता.

प्रभातफेरी

आणि ती पाटी चित्र म्हणून नको, अक्षरांत हवी. स्क्रीन रीडरला चित्र वाचता येत नाही.

साउंडवाला

मीही सही करतो. आमच्या संघटनेच्या बैठकीत हे मांडणार आहे. आमच्या नावाने याद्या जातात, तर त्या याद्यांची तपासणी कोण करतं आणि त्याचे पैसे कोणाला जातात, हे आम्हाला विचारता आलं पाहिजे. आदेश लवकर मिळावेत ही माझी मागणी कायम आहे. तीन दिवसांच्या वर वाट बघणं आम्हाला परवडत नाही. पण सिनेमा थिएटरातून उतरला की त्या सिनेमासाठी घेतलेली बंदी आपोआप संपायला माझी काहीच हरकत नाही.

कलम५२

साउंडवाला, हे शेवटचं वाक्य ठरावात तसंच्या तसं घाला. वादीनेच मुदत मागितली तर कोणतंही न्यायालय नाही म्हणणार नाही.